ससा, शेत आणि ठासणीची बंदूक

निवृत्तीचे कागद पुरे झाले, मेसमध्ये हार-तुरे झाले, की आपल्याकडचा जवान निघताना हमखास एक प्रश्न विचारतो. सिंधुदुर्गातला असो, चंदगडचा असो की साताऱ्याच्या घाटमाथ्यावरचा, प्रश्न तोच. "साहेब, आता गावी जाऊन शेती करणार. पण डुक्कर, माकड, ससे काही ठेवत नाहीत. कुठली बंदूक घेऊ?"

वीस-पंचवीस वर्षं हत्यार हाताळलेल्या माणसाला हा प्रश्न कॅलिबर आणि रेंजचा वाटणं साहजिक आहे. पण शेतकऱ्याच्या हातात कुठली बंदूक असावी हे आपल्या देशात दुकानदार ठरवत नाही, शेतकरीही ठरवत नाही. ते दीडशे वर्षांच्या इतिहासाने ठरवलंय. म्हणून आज त्या इतिहासाबद्दल लिहितो. जे माजी सैनिक हे वाचून परवान्याचा अर्ज करतील, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

सध्या मुक्काम चंडीमंदिर. ज्या चंडीदेवीच्या देवळावरून चंडीगढला नाव मिळालं ते देऊळ इथेच आहे. पश्चिम कमांडचं मुख्यालय १९८५ साली शिमल्याहून खाली इथे आलं. एका अंगाला घग्गर नदी, दुसऱ्या अंगाला शिवालिकच्या टेकड्या. पहाटे पळायला निघालं की गवताच्या कडेला ससा कान टवकारून बसलेला दिसतो आणि बुटांचा आवाज जवळ आला की दोन उड्यांत नाहीसा होतो. इथल्या शेतकऱ्याचा राग मात्र सशावर नाही, नीलगायीवर आहे. कोवळ्या गव्हात रात्री कळप शिरला की जितकं खातो त्याहून जास्त तुडवतो. विदर्भातले वाचक हे प्राणी 'रोही' म्हणून ओळखतात आणि त्यांच्यावर तितकेच वैतागलेले असतात.

फायरिंग रेंजवर पहिला धडा असतो, लक्ष्य ओळखा. तिथूनच सुरुवात करू. इंटरनेटवर 'शेतातल्या सशांसाठी बंदूक' शोधलं की इंग्लंड-अमेरिका-ऑस्ट्रेलियातले सल्ले मिळतात. ते ज्या प्राण्याबद्दल आहेत तो आपल्या रानात नाहीच. तो युरोपी ससा जमिनीत बिळं खणतो, वसाहत करून राहतो, त्याची पिल्लं उघडीबोडकी आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपण घरी पाळतो तो पांढरा ससा त्याच कुळातला. आपला रानससा वेगळा. तो बीळ खणत नाही, गवतात खळगा करून एकटा दबा धरून बसतो, आणि त्याची पिल्लं केसाळ, उघड्या डोळ्यांची जन्मतात. वसाहत नसल्यामुळे तो हजारोंनी एका शेतावर तुटून पडत नाही. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो.

युरोपी सशाचा उपद्रव खरोखर मोठा होता, आणि त्याचा इतिहास आपल्याला दोन गोष्टी शिकवतो.

पहिली गोष्ट इंग्लंडची. तिथे शतकानुशतकं शिकार हा जमीनदाराचा हक्क होता. कुळाने राबून पीक उभं करायचं, जमीनदाराच्या सशांनी ते खायचं, आणि कुळाने ससा मारला तर तो चोर ठरायचा. १८८० साली ग्लॅडस्टन यांच्या सरकारच्या काळात कायदा झाला आणि जमीन कसणाऱ्याला ससे मारण्याचा हक्क मिळाला. तो हक्क करार करूनही काढून घेता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलं. पण त्याच कायद्याने मर्यादाही घातल्या. बंदूक चालवायची ती कसणाऱ्याने स्वतः आणि त्याने लेखी नेमलेल्या आणखी एकाच माणसाने. आणि रात्री बंदूक चालवायची नाही. सूर्यास्तानंतरच्या पहिल्या तासापासून सूर्योदयाआधीच्या शेवटच्या तासापर्यंत मनाई.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने व्हिक्टोरियातल्या आपल्या इस्टेटीवर शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून दोनेक डझन ससे आणवले. पुढच्या पन्नास वर्षांत ससे खंडभर पसरले. माणसांनी बंदुका चालवल्या, सापळे लावले, विष घातलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात तीन हजार किलोमीटरहून जास्त लांबीचं कुंपण घातलं. तरीही १९५० पर्यंत सशांची संख्या ६० कोटींच्या घरात गेली होती. शेवटी त्याच वर्षी मिक्सोमॅटोसिस हा रोग मुद्दाम सोडला तेव्हा संख्या कोसळली. ज्या देशात गोळ्यांची, बंदुकांची किंवा नेमबाजांची कमतरता नव्हती तिथे बंदुकीने ससा आटोक्यात आला नाही. बंदूक एक जनावर मारते, संख्या आवरत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता आपल्याकडे येऊ. इंग्लंडच्या कुळाला १८८० साली बंदुकीचा हक्क मिळाला, त्याच्या दोनच वर्षं आधी आपल्या शेतकऱ्याच्या हातातली बंदूक काढून घेतली गेली होती.

१८५७ च्या उठावानंतर लगेच हत्यारांवर तात्पुरता कायदा आला, १८६० साली तो कायमचा झाला, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात सर्व हिंदुस्थानाला लागू होणारा शस्त्र कायदा झाला. हत्यार बाळगायला परवाना हवा, आणि युरोपीय लोकांना त्यातून सूट. तो काळ महाराष्ट्रासाठी कसा होता ते पाहा. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ नुकताच दख्खन कोरून गेला होता. १८७८-७९ च्या हंगामात जे थोडंफार पीक आलं ते उंदरांनी फस्त केलं. आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी केलेले वासुदेव बळवंत फडके रामोशी साथीदार घेऊन धामारीवर चालून गेले. ज्या रामोशांकडे पिढ्यान् पिढ्या गावच्या राखणीचं काम होतं, तेच सरकारच्या लेखी धोक्याचे ठरले. राखणदाराच्या हातातली बंदूक उद्या कुणावर रोखली जाईल याची भीती राज्यकर्त्यांना वाटत होती. आपल्या शस्त्र कायद्याचा जन्म त्या भीतीतून झाला आहे.

पण राज्य चालवायला सारा लागतो आणि सारा पिकातून येतो. त्यामुळे सरकारने एक फट ठेवली. माणसं, गुरं आणि पिकं यांना उपद्रव देणारी जनावरं मारण्यासाठी वेगळे परवाने दिले जात. कोकणात आजही 'शेतीसंरक्षणाची बंदूक' हा शब्द ऐकू येतो, त्याची मुळं तिथे आहेत. १९१२ चा वन्य पशुपक्षी कायदा आला तेव्हाही स्वतःच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी जनावर मारणं त्यातून वगळलं होतं.

एक अपवाद सैनिकांना ठाऊक असावा असा आहे. कोडगू, म्हणजे कूर्ग. १८६१ साली तिथले आयुक्त मार्क कबन यांनी कोडवांना हत्यारबंदीतून सूट दिली. कोडवांच्या घरी मूल जन्मलं तर बंदुकीचा बार, माणूस गेला तर बंदुकीचे बार, आणि कैलपोद या सणाला हत्यारांची पूजा. स्वतंत्र भारतानेही ती सूट चालू ठेवली, आणि २०१९ मध्ये ती आणखी १० वर्षांसाठी वाढवली. जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या याच मातीतले. बंदूक घराघरात असूनही समाज शिस्तीचा राहू शकतो याचं हे उदाहरण. मात्र तिथे बंदुकीभोवती पिढ्यांचे रीतिरिवाज आहेत. ते परवान्याबरोबर मिळत नाहीत.

स्वातंत्र्य चळवळीने शस्त्र कायद्याला अपमान मानलं. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव झाले. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी ज्या ११ मागण्या मांडल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत अशीही एक होती. १९३१ च्या कराची ठरावात हत्यार बाळगण्याचा हक्क नियमांच्या अधीन राहून मान्य केला होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. तेव्हापासून आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवानगी आहे.

मग आला १९५९ चा शस्त्र कायदा, जो दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. जवानाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कलम १३ मध्ये आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कायदा ज्या बंदुकीचं नाव घेतो ती आहे ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, नळी किमान २० इंच लांबीची. पीकसंरक्षणाच्या या तरतुदीत रायफल नाही.

ज्याने एसएलआर आणि इन्सास चालवली, त्याला हा विनोद वाटेल. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, घोड्याखाली टोपी बसवायची. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. तोवर डुक्कर पुढच्या गावात. कायदा करणाऱ्यांच्या मनात १८५७ ची भीती शिल्लक होती, हे एक कारण असू शकतं. अशा बंदुकीने कुणी बंड करू शकत नाही. पण थोडं गणित केलं की या निवडीमागचं दुसरं शहाणपण दिसतं.

कोकणातला शेताचा तुकडा २० गुंठ्यांचा धरा. म्हणजे अर्धा एकर, प्रत्येक बाजू साधारण ४५ मीटर. सशासाठी परदेशात जी पॉइंट टू टू रायफल सर्रास सुचवली जाते, तिची इवलीशी गोळी चुकली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आपल्या बांधापासून तेहतीस शेतं ओलांडून. दगडावर किंवा पाण्यावर आपटून ती भलत्याच दिशेलाही उडते. इंग्लंडच्या विस्तीर्ण कुरणावर मागे टेकडीचा उतार असतो, आपल्याकडे मागे शेजाऱ्याची पडवी असते. छर्रे मात्र गोल आणि हलके. हवेत त्यांचा वेग झपाट्याने कमी होतो. सशासाठी वापरतात त्या बारीक छर्ऱ्यांचा मार ३०-४० मीटरपर्यंत, आणि दोन-अडीचशे मीटरच्या आसपास ते खाली पडतात. तीही पाच शेतं झाली, म्हणजे काळजी तिथेही हवीच. पण तेहतीस आणि पाच यांत फरक आहे.

बारा बोअर म्हणजे काय, हेही अनेक जुन्या सैनिकांना सांगता येत नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. भरताना ठासावी न लागणारी, काडतुसाची बंदूक बहुधा याच बोअरची असते. पुण्याजवळ खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ पासून उभी आहे. आपल्या लष्कराला गोळ्या पुरवणाऱ्या या फॅक्टरीने शिकारी काडतुसंही बनवली आहेत.

आणि छर्ऱ्याची एअरगन? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. म्हणून लोकांना वाटतं, सशासाठी हीच बरी.

इथे खरी मेख आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. पहिला जिल्हा प्रशासनाकडून मिळतो, दुसरा वनखात्याकडून. दोन खाती, दोन कायदे, आणि पुष्कळ लोक पहिला कागद खिशात आहे म्हणून दुसऱ्याच्या भानगडीत अडकतात.

१९५०-६० च्या दशकांत निसर्ग अभ्यासकांची तक्रार होती की पीकसंरक्षणाच्या बंदुका पिकापासून लांब जंगलात चालतात आणि हरणं, चितळ संपत चालले आहेत. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या पार्श्वभूमीवर आला. सुरुवातीला त्यात शिकारीचे परवाने होते, ससा 'लहान शिकारी'च्या चौथ्या अनुसूचीत होता. १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवानेच संपले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, पण रानससा संरक्षितच राहिला. म्हणजे बिनपरवान्याच्या एअरगनने आपल्याच शेतात मारलेला ससाही गुन्हा ठरतो. मालमत्तेला, उभ्या पिकालाही, धोका असेल तर कलम ११ खाली खालच्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारायची लेखी परवानगी मिळू शकते. पण मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. कढईत घालायला नव्हे.

पिकाचं नुकसान खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही मारण्याच्या परवानगीची पद्धत सोपी केली. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत असे अधिकार पंचायतींच्या प्रमुखांपर्यंत नेले. बिहारमध्ये केंद्राने नीलगाय ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर केली, आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावर दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांविरुद्ध जाहीरपणे बोलले. नीलगायींचा उपद्रव आजही उत्तरेत आहे. ऑस्ट्रेलियाचं वाक्य आठवा.

कोकणातली आणखी एक व्यथा इथे नोंदवतो. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. महाराष्ट्र विधानसभेच्या गेल्या तीन निवडणुका पाहा: १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. भात पिकून कापणीला येतं तोच हंगाम. बंदूक ठाण्यात, शेतकरी मचाणावर आणि डुक्कर शेतात. ज्या परवान्यावर 'पीकसंरक्षण' लिहिलंय त्याला पिकाचा हंगाम कळू नये, हे दुःख रास्त आहे. छाननी करून, ज्याच्याकडून धोका आहे त्याचंच हत्यार जमा करावं, एवढीच त्यांची मागणी असते.

तर सुभेदार साहेब, हवालदार साहेब, माझं उत्तर असं.

सशासाठी बंदूक घेऊच नका. रानससा रोपांचे कोवळे शेंडे आणि कलमांची साल कुरतडतो. त्याला दोन फुटी बारीक जाळी पुरते, खालची कड जमिनीत गाडलेली. काजूच्या, आंब्याच्या रोपाभोवती जाळीचा गोल करा. बंदुकीच्या तेलाला जेवढा खर्च येईल तेवढ्यात काम होईल.

डुकरांचा त्रास खरोखर असेल, तर अर्ज करा. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाच करा, आणि रायफलीचा मोह सोडा. तुमचा नेम चांगला आहे, हे मला माहीत आहे. पण रेंजवर तुमच्या नेमामागे मातीचा बट होता, लाल झेंडा होता, संत्री होता आणि आदेश देणारा उस्ताद होता. शेतात यातलं काहीच नाही. पावसाळ्यानंतर कोकणातल्या वर्तमानपत्रांत दर एक-दोन वर्षांनी तीच बातमी येते: रात्री शिकारीला गेलेल्यांपैकी एकाला दुसऱ्याच्या बंदुकीचा बार लागला. झुडूप हललं, बॅटरीच्या उजेडात काहीतरी चमकलं, आणि चाप ओढला गेला. मरणारा बहुतेक वेळा भाऊ, चुलतभाऊ किंवा शेजारी असतो. १८८० च्या त्या कायद्याने रात्री बंदूक चालवायला मनाई का केली असेल, हे या बातम्या वाचल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

वनखात्याचा लेखी कागद हातात येईपर्यंत चापाला बोट लावू नका. आणि बंदूक घरी आणण्याआधी कोत तयार करा. आपल्या नोकरीत हत्यार कधीच आपलं नव्हतं. कोतमधून सही करून घ्यायचं, सही करून जमा करायचं, काडतुसं वेगळी, किल्ली वेगळी, रोज मोजणी. घरी कोत एनसीओही तुम्हीच आणि तपासणी अधिकारीही तुम्हीच. कुलपाचं कपाट, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि कुठल्या कपाटाची किल्ली कुठे हे नातवंडांना माहीत नाही, एवढं जमत असेल तरच बंदूक घ्या. जमत नसेल तर कुंपण घाला, कुत्रा पाळा, मचाणावर आळीपाळीने राखण करा, गोफण फिरवा. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्वारीची राखण बंदुकीशिवायच केली.